इनामगावची मडकी आणि संस्कृतींची उतरंड

मुठेकाठची

नमस्कार मंडळी,

गेल्या शनिवारी सातवीत शिकणाऱ्या माझ्या भाचीला घेऊन येरवड्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्व संग्रहालयात गेले होते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावच्या, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या उत्खननाची तिला ओळख करून द्यावी, एवढाच हेतू होता. तान्ह्या मुलांची दफने तिथे कशी करीत, हे मी तिला समजावून सांगत होते. दोन मडकी आडवी ठेवून त्यांची तोंडे एकमेकांना भिडवायची, बाळाला त्यांच्या पोटात निजवायचे आणि तो जोड घरातल्याच जमिनीखाली पुरायचा. ती काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिने विचारले, "मावशी, ही माणसं मागासलेली होती का गं?"

मी म्हटले, "नाही गं, हुशार होती, शेती करायची, तांबं वापरायची. पण त्यांना लिहिता येत नव्हतं."

परत येताना बंडगार्डनच्या पुलावर वाहतूक खोळंबली होती आणि तेवढ्या वेळात माझ्याच उत्तरातला तो "पण" मला टोचू लागला. बावीस वर्षे मी इतिहास शिकवते आहे. प्रश्नातले मापच तपासून पाहू या, असे मी तिला म्हणायला हवे होते. त्याऐवजी मी ते माप मुकाट्याने मान्य केले आणि इनामगावकरांना फक्त चार गुण वाढवून दिले.

हे माप आपल्या अंगात इतके मुरले आहे की ते कधी आणि कुठून आले, याची आठवणही राहिलेली नाही. १९व्या शतकात युरोप-अमेरिकेतील विद्वानांनी जगातल्या समाजांची एक उतरंड रचली. लुईस हेन्री मॉर्गन या अमेरिकन अभ्यासकाने १८७७ मध्ये वन्य, रानटी आणि सुसंस्कृत अशा तीन अवस्था मांडल्या आणि तिसऱ्या अवस्थेत प्रवेश मिळवण्यासाठी लिपी आवश्यक ठरवली. पुढे १९५० मध्ये गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञाने नागरी क्रांतीची दहा लक्षणे सांगितली, ज्यांत मोठी वस्ती, पूर्णवेळ कारागीर, कररूपाने गोळा होणारे वाढीव धान्य, भव्य वास्तू, लिपी आणि दूरचा व्यापार यांचा समावेश होता. सुमेर, इजिप्त आणि सिंधूच्या खोऱ्यात नेमके काय बदलले, हे शोधण्यासाठी चाइल्ड यांनी ही मांडणी केली होती आणि तिचा उपयोग मी नाकारत नाही. परंतु शाळेच्या पुस्तकापर्यंत येता येता त्या लक्षणांची उत्तीर्ण होण्याची अट झाली. या अटीने पाहिले तर दक्षिण अमेरिकेतील इंका नापास होतात, कारण त्यांच्याकडे लिपी नव्हती आणि गाडीचे चाकही नव्हते. त्यांनी डोंगरांतून बांधलेले हजारो किलोमीटरचे रस्ते, दुष्काळासाठी भरून ठेवलेली कोठारे आणि दोऱ्यांना गाठी मारून हिशेब ठेवण्याची किपू नावाची पद्धत मग कोणत्या खात्यावर मांडायची?

उतरंड हा शब्द मी विचार करून वापरला आहे. माझ्या आजोळी माजघराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असे. सर्वांत खाली सर्वांत मोठे मडके, वर चढत जाणारी लहान मडकी आणि वरच्या साऱ्यांचा भार खालच्याच्या खांद्यावर. जातींसाठी हा शब्द आपण नेहमी वापरतो. तो संस्कृतींनाही तितकाच लागू पडतो, असे मला वाटते.

पाश्चात्त्य प्रभाव म्हणतात तो हाच: पाश्चात्त्यांकडून आपण ज्ञानाची साधने घेतली आणि त्यांच्याबरोबर ही उतरंडही घेतली. मी आत्ता वाक्याच्या शेवटी जे पूर्णविराम देते आहे, तेदेखील मेजर थॉमस कँडी यांनी १९व्या शतकाच्या मध्यात याच पुण्यात बसून मराठीत रुळवलेल्या विरामचिन्हांपैकी आहेत, आणि ते परत करावेत असे मला मुळीच वाटत नाही. माझा प्रश्न असा आहे की साधन ठेवून उतरंड मोडता येते का, की दोन्ही एकाच मातीची असल्यामुळे एक फोडले की दुसरेही फुटते? ज्यांनी या विषयात काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कुदळफावडे

ताई, धागा वाचनखुणांत ठेवला आहे. मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी होतो. इनामगावचे उत्खनन १९६८ मध्ये सुरू होऊन १९८०च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालले. त्यात मी नव्हतो, परंतु ज्यांनी ते केले त्यांच्याकडून ते वर्षानुवर्षे ऐकले आहे. म्हणून आधी त्या माणसांबद्दल थोडे सांगतो, कारण मापाची चर्चा करताना ज्यांना मोजले जात आहे ते बाजूलाच राहून जातात.

ही वस्ती सुमारे इ.स.पू. १६०० ते इ.स.पू. ७०० अशी नऊशे वर्षे टिकली. शंभराहून अधिक घरांचे अवशेष आणि दोनशेहून अधिक दफने तिथे मिळाली. मधल्या काळात, म्हणजे ज्याला आपण पूर्व-जोर्वे काळ (तांबे वापरणाऱ्या जोर्वे संस्कृतीचा आरंभीचा टप्पा) म्हणतो त्या काळात, लोक कुडाच्या चौकोनी घरांत राहत होते. घरात चूल, धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेली बळदे आणि कणगी टेकवण्यासाठी मांडलेले चार चपटे दगड असत. मुख्य पीक जवाचे होते. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी पाट आणि त्याला लागून दगडमातीचा बांध होता, म्हणजे दहा घरांनी एकत्र येऊन करायची कामे तिथे होत होती. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा, पोट फुगलेला एक रांजण मिळाला आणि त्यात बसलेल्या स्थितीत एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा होता. इतर प्रौढांचे दफन करताना त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली आढळतात. याची मात्र पावले शाबूत होती. तो वस्तीचा प्रमुख असावा, असे अनुमान त्यावरून केले गेले.

इ.स.पू. १००० नंतर पाऊस कमी होत गेल्याच्या खुणा दिसतात. चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेती आक्रसते आणि शिकार व गुरे राखणे वाढते. उतरंडीच्या भाषेत याला अधोगती म्हणतात. मी मात्र त्याकडे असे पाहतो की पाणी आटल्यावरही या लोकांनी आणखी तीनशे वर्षे तिथे टिकाव धरला.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. हे सगळे आपल्याला कळले ते एका पाश्चात्त्य साधनामुळेच. खड्ड्याची उभी भिंत थापीने तासून साफ करायची, मातीचा रंग व पोत जिथे बदलतो तिथे रेघ ओढायची, प्रत्येक थराला चिठ्ठी टोचायची आणि सापडलेली प्रत्येक वस्तू तिच्या थरासह नोंदवायची. ऐकायला ही गोष्ट साधी वाटते. पण सकाळी दव असताना मातीचा रंग एक दिसतो आणि दुपारी उन्हात तीच भिंत एकजीव दिसू लागते, त्यामुळे एक रेघ नक्की करण्यात कधीकधी अख्खा दिवस जातो. डेक्कन कॉलेजात ही शिस्त रुजवणारे प्रा. ह. धी. सांकलिया इंग्लंडमध्ये मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कासल येथील उत्खननात काम करून आले होते. व्हीलर पुढे १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले आणि तक्षशिलेला त्यांनी आपल्याकडच्या अनेक तरुणांना ही पद्धत शिकवली.

याच व्हीलर यांनी मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत मिळालेल्या काही सांगाड्यांवरून आर्यांच्या आक्रमणात झालेल्या कत्तलीचे चित्र रंगवले आणि इंद्राला त्याबद्दल जबाबदार धरले. उत्तरेकडून कोणीतरी आल्याशिवाय इथे काहीही घडत वा मोडत नाही, हे आधीच मनात धरलेले गृहीतक त्यामागे होते. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने त्या सांगाड्यांच्या थरांची नोंद पुन्हा तपासली, तेव्हा ते सर्व एकाच वेळचे नाहीत आणि लढाईचा, जाळपोळीचा वा शस्त्रांचा मेळ बसणारा पुरावा तिथे नाही, हे दिसून आले. व्हीलर यांनी शिकवलेल्या थरांच्या शिस्तीनेच व्हीलर यांचा निष्कर्ष मोडला. साधन आणि उतरंड वेगळी करता येतात, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

निळाई

कुदळफावडे सर, तुमचा प्रतिसाद आदराने वाचला, परंतु मला तो पुरेसा वाटत नाही. आपण "प्रभाव" हा शब्द फार सहज वापरतो आणि तो शब्द फार मऊ आहे. १८५० च्या दशकात लाहोर-मुलतान रेल्वेमार्गाच्या भरावासाठी हडप्पाच्या विटा उपसल्या गेल्या आणि चार हजार वर्षांपूर्वीच्या शहराच्या भिंती रुळांखाली गेल्या, याला प्रभाव म्हणायचे का? १५६२ मध्ये मेक्सिकोतील मानी या गावी दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने माया लोकांच्या चित्रलिपीतील पोथ्या जाळल्या. आज साऱ्या जगात माया पोथ्या फक्त चार उरल्या आहेत. ज्यांच्याकडे लिपी होती त्यांची पुस्तके जाळायची, ज्यांच्याकडे नव्हती त्यांना लिपी नसल्याबद्दल रानटी ठरवायचे आणि तीनशे वर्षांनी येऊन सुसंस्कृतपणाची लक्षणे शिकवायची, हा सगळा एकाच व्यवहाराचा भाग आहे.

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील ग्रेट झिंबाब्वेचे उदाहरण घ्या. चुना न वापरता रचलेल्या प्रचंड दगडी भिंतींचे ते नगर शोना लोकांच्या पूर्वजांनी बांधले. डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर यांनी १९०५ मध्ये आणि गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी १९२९ मध्ये उत्खनन करून ते आफ्रिकी लोकांचेच काम असल्याचे दाखवून दिले होते. तरीही ऱ्होडेशियातील गोऱ्यांच्या राजवटीत ते भूमध्य समुद्राकाठच्या प्राचीन फिनिशियन लोकांनी किंवा बायबलमधील शेबाच्या राणीने बांधले, या कहाण्या चालू ठेवल्या गेल्या, कारण काळ्या माणसांनी नगर बांधले होते हे मान्य केले असते तर राज्य करण्याचा आधारच निसटला असता. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा लोकांनी त्या भिंतींचेच नाव देशाला दिले. पुरावा समोर असताना पन्नास वर्षे सत्ता तो नाकारू शकली. मग साधन निर्दोष आहे असे म्हणून आपण नेमके काय मिळवतो? साधन कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न मला पहिला वाटतो.

कुदळफावडे

निळाई, तुमचा राग योग्य आहे आणि तो या विषयातून वगळता कामा नये. फक्त एक भर घालतो. त्याच लांदाने माया लोकांच्या चालीरीतींची नोंद करताना त्यांच्या काही चिन्हांचे उच्चार स्पॅनिश अक्षरांत टिपून ठेवले होते. ती यादी सदोष होती, परंतु १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत अभ्यासकाने तिच्याच आधारे माया लिपी उच्चारानुसारी आहे हे दाखवले आणि आज शिलालेखांतील बहुतांश मजकूर वाचता येतो. याने लांदाचा गुन्हा कमी होत नाही. माया वंशाचे लोक आज आपल्या पूर्वजांची अक्षरे पुन्हा गिरवतात, एवढेच मला नोंदवायचे होते.

तळटीप

मी हस्तलिखितांच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे पुण्यातलेच दुसरे उदाहरण मांडते. ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण केले. पाठचिकित्सेचे, म्हणजे निरनिराळ्या पोथ्या पडताळून ग्रंथाचा विश्वसनीय पाठ ठरवण्याचे शास्त्र युरोपात ग्रीक, लॅटिन ग्रंथ आणि बायबल यांच्या अभ्यासातून घडले होते. संपादक वि. सी. सुकथनकर ते बर्लिनला शिकून आले होते. म्हणजे ज्या ग्रंथाला आपण पाचवा वेद म्हणतो, त्याचा पाठ ठरवण्यासाठी पुण्याने युरोपचे साधन वापरले.

मात्र ते जसेच्या तसे वापरता आले नाही, आणि मला नेमके हेच सांगायचे आहे. युरोपची पद्धत असे धरून चालते की एका मूळ पोथीवरून दोन प्रती झाल्या, त्यांवरून आणखी चार झाल्या आणि त्यांच्या चुकांवरून वंशवृक्ष मांडत मूळ पोथीपर्यंत मागे जाता येते. महाभारताच्या पोथ्या अशा वागत नाहीत. काश्मीरची शारदा लिपीतील पोथी, नेपाळची, बंगालची, देवनागरीतील, तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम लिपीतील पोथ्या, अशी बाराशेहून अधिक हस्तलिखिते विचारात घेतली गेली. लेखनिकाने एका पोथीवरून नक्कल करताना दुसरी शेजारी उघडी ठेवलेली, कीर्तनकाराच्या तोंडून ऐकलेला श्लोक समासात लिहिलेला आणि पुढच्या लेखनिकाने तो समासातून मजकुरात ओढलेला, असा हा सारा प्रवाह आहे. सुकथनकरांनी ओळखले की इथे एकच मूळ प्रत होती असे गृहीत धरणेच बरोबर नाही. म्हणून त्यांनी नियम बदलला. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील अशा परस्परांशी संबंध नसलेल्या परंपरा जिथे एकमत होतात तो पाठ विश्वसनीय मानायचा, आणि जिथे मतभेद आहेत तिथे इतर सर्व पाठ तळटिपांत जसेच्या तसे द्यायचे.

त्या आवृत्तीचे कोणतेही पान उघडा. वर चार ओळी मोठ्या अक्षरांत आणि खाली दोनतृतीयांश पान बारीक अक्षरांतील पाठभेदांनी भरलेले. विद्यार्थिदशेत मला त्या तळटिपांचा कंटाळा येई. आता मला ते पान फार सुंदर वाटते, कारण त्यात एकही परंपरा खोटी ठरवून फेकून दिलेली नाही. वरच्या ओळी कोणत्या आधारावर निवडल्या हे दिसते आणि पटत नसेल तर वाचकाला आपला निवाडा करण्याची सगळी सामग्री खाली मिळते.

निळाई म्हणतात की साधन कोणाच्या हातात आहे हे पाहावे. मी त्यात इतकेच जोडेन की ते हातात आल्यावर आपल्या मातीप्रमाणे त्याचा दांडा बदलण्याची हिंमत आपण दाखवली का, हेही पाहावे.

नाणेघाटी

तळटीप ताईंच्या प्रतिसादानंतर मला धाग्याचा विषयच थोडा मागे न्यावासा वाटतो. "पाश्चात्त्य प्रभाव" म्हटले की आपण वास्को द गामापासून किंवा १८१८ पासून सुरुवात करतो. पुणे जिल्ह्यात पश्चिमेकडचे लोक त्याच्या कितीतरी आधी आले होते आणि त्या वेळी प्रभावाचा ओघ वेगळ्या दिशेने होता.

कार्ल्याच्या चैत्यगृहात पुढच्या वेळी जाल तेव्हा विजेरी बरोबर न्या आणि खांबांवरची ब्राह्मी अक्षरे पाहा. काही खांब धेनुकाकट येथे राहणाऱ्या यवनांनी दान केले आहेत. यवन हा शब्द मुळात ग्रीकांसाठी आणि पुढे पश्चिमेकडून आलेल्या लोकांसाठी वापरला जाई. जुन्नरच्या लेण्यांतही यवनांच्या दानाचे लेख आहेत, त्यांपैकी एकाने भिक्षुसंघाला पाण्याची टाकी दिली आणि दुसऱ्याने भोजनमंडप दिला. हा सुमारे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला, रोमन व्यापाराच्या भराचा काळ आहे. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटातून वर येत असे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची काशाची छोटी मूर्ती मिळाली, तर इटलीत पाँपेईच्या राखेखालून भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. देणे-घेणे दोन्हीकडून होते.

कार्ल्याला खांब देणाऱ्यांपैकी काहींची नावे भारतीय वळणाची आहेत. परदेशातून आलेला माणूस इथले नाव घेतो, इथल्या भाषेत आणि इथल्या लिपीत लेख कोरवतो आणि इथल्या संघाला पाणी देतो, हा कोणाचा कोणावर प्रभाव म्हणायचा, हे मला अजून नीट मांडता आलेले नाही. तिथे मात्र उतरंड दिसत नाही. यवनाचा खांब इतर दात्यांच्या खांबांच्या ओळीतच उभा आहे आणि छताचा तेवढाच भार पेलतो आहे.

जाता जाता एक. नाणेघाटातील सातवाहनांच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत, ते आपल्या अंकचिन्हांच्या जुन्या नमुन्यांपैकी होत. पुढे भारतात दशमान स्थानपद्धती घडली, ती अरबांकडून युरोपात गेली आणि १२०२ मध्ये पिसाच्या फिबोनाचीने ती आपल्या लोकांना शिकवली. तासाची साठ मिनिटे बाबिलोनच्या षष्टिमान गणनेतून आली आणि ग्रीकांनी आपली अक्षरे फिनिशियन लोकांकडून घेतली. तेव्हा "पाश्चात्त्य" म्हणून आपल्याकडे जे आले, तेही पुष्कळसे पूर्वेकडचेच होते.

साकुरा_औंध

जपानी भाषेची शिक्षिका या नात्याने थोडक्यात लिहिते. प्रभाव स्वतः निवडून घेणाऱ्या देशाचे उदाहरण म्हणून जपानचे नाव नेहमी घेतले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. १८७१ च्या अखेरीस इवाकुरा शिष्टमंडळ अमेरिका-युरोपच्या दौऱ्यावर निघाले आणि जवळजवळ दोन वर्षे कारखाने, शाळा, तुरुंग, संसदा पाहत फिरले. १ जानेवारी १८७३ पासून जपानने पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली. नव्या कल्पनांसाठी त्यांनी स्वतःच्या चित्राक्षरांतून शब्द घडवले आणि त्यांतले अनेक पुढे चिनी भाषेतही गेले.

परंतु मुठेकाठची ताईंनी विचारलेल्या प्रश्नाला जपानचे उत्तर दुःखद आहे. फुकुझावा युकिची या थोर विचारवंताने १८७५ मध्ये रानटी, अर्धविकसित आणि सुसंस्कृत ही तीच तीन पायऱ्यांची मांडणी घेतली आणि जपानला मधल्या पायरीवर ठेवून वर चढण्याचे आवाहन केले. देश वर चढलाही. १८९५ मध्ये तैवान आणि १९१० मध्ये कोरिया ताब्यात घेताना आपण शेजाऱ्यांना सुसंस्कृत करीत आहोत, हीच भाषा जपानने वापरली. उतरंडीत वर जाण्यासाठी खाली कोणीतरी लागतेच.

गंजपेठ

इथपर्यंतची चर्चा उत्तम झाली आहे, मात्र पुण्यात बसून हा विषय बोलताना जोतीराव फुले यांना वगळता येणार नाही. आमच्या घरात या विषयाकडे वेगळ्या बाजूने पाहिले जाते. माझ्या पणजीला अक्षर ओळखू न देणारी उतरंड साहेबाने आणलेली नव्हती. ती इथलीच होती आणि तिचा सगळ्यांत जास्त भार आमच्या खांद्यावर होता. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांच्यावर शेण फेकणारे हात पाश्चात्त्य नव्हते. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते आणि मानवी हक्कांविषयीचे थॉमस पेनचे लेखन त्यांनी वाचले होते. १८७३ मध्ये त्यांनी आपला ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्यांच्यासाठी पश्चिमेकडून आलेला विचार ही उघडलेली खिडकी होती.

आर्य बाहेरून आले, हा युरोपीय विद्वानांचा सिद्धांत जोतीरावांनी घेतला आणि उलटा करून दाखवला. बाहेरून आलेल्यांनी इथल्या बळीच्या प्रजेला लुटले, असे त्यांनी मांडले. ज्या सिद्धांताच्या बळावर काही जण आपण इंग्रजांचे दूरचे भाऊबंद आहोत असे मानू लागले होते, त्याच सिद्धांताचे त्यांनी शेतकऱ्याच्या हातातले आसूड केले. पुढे १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शूद्रांच्या उगमावरचा आपला ग्रंथ जोतीरावांनाच अर्पण केला आणि त्याच ग्रंथात आर्य वंशाचा तो सिद्धांत पुराव्याने नाकारला. गुरूचा मान ठेवून गुरूने वापरलेले साधन तपासायचे आणि ते टिकत नसेल तर बाजूला ठेवायचे, ही शिस्त मला या धाग्यात पुढे ठेवावीशी वाटते. जोतीरावांनी उतरंड उलटी केली. बाबासाहेबांनी माणसांना वंशाच्या उतरंडीत रचणेच नाकारले.

निळाई ताई, साधन कोणाच्या हातात आहे हा तुमचा प्रश्न मला मान्य आहे. तो इथल्या हातांबद्दलही विचारत राहू या.

निळाई

गंजपेठ दादा, मान्य. मी लिहिताना फक्त समुद्रापलीकडे पाहत होते.

चुलीपाशी

मी विद्वान नाही, पण उद्या चतुर्थी असल्याने साबुदाणा भिजत घालताना हा धागा वाचला आणि एक गोष्ट मनात आली ती लिहिते. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांतला आणि हिरवी मिरची मेक्सिकोकडची. पोर्तुगीज आपल्याकडे येण्यापूर्वी यांतली एकही वस्तू आपल्या स्वयंपाकघरात नव्हती. बटाटा हा शब्दसुद्धा त्यांच्याच बोलीतून आला. तरीही देवाच्या नावाने धरलेल्या उपासाला आपण गहू-तांदूळ वर्ज्य करतो आणि हे सारे पवित्र मानून खातो. ज्यांनी कडू आणि विषारी कसाव्यातले विष काढण्याची रीत शोधली, ज्यांनी डोंगरउतारावर बटाट्याचे शेकडो वाण जपले, त्या लोकांना कुणी रानटी म्हटले तर यापुढे मला ते ऐकवणार नाही. माझ्या सासूबाईंच्या ताटात चाळीस वर्षे त्यांचेच अन्न आहे.

मुठेकाठची

सर्वांचे मनापासून आभार. चुलीपाशी ताई, तुमचा प्रतिसाद मी सोमवारी सातवीच्या वर्गात वाचून दाखवला आणि मुलींनी घरून विचारून आणलेल्या पदार्थांची यादी करताना एक तास अपुरा पडला.

तळटीप ताईंनी दांडा बदलण्याबद्दल लिहिले आहे, त्यावरून मला आपल्या भाषेतलाच एक दांडा सापडला. इंग्रजीत हडप्पासाठी 'सिव्हिलायझेशन' हा एक शब्द आणि इनामगावसाठी 'कल्चर' हा दुसरा, कमी दर्जाचा वाटणारा शब्द वापरला जातो. हिंदीतही सिंधूकाठच्या शहरांसाठी सभ्यता हा वेगळा शब्द आहे. मराठीत आपण सिंधू संस्कृती म्हणतो आणि जोर्वे संस्कृतीही म्हणतो. १९व्या शतकात 'सिव्हिलायझेशन' या इंग्रजी कल्पनेसाठी आपल्याकडे सुधारणा हा शब्द चालत असे आणि त्यात बिघडलेले आधी सुधारायचे असा अर्थ आपोआप येई. तो शब्द मागे पडला आणि संस्कृती हा शब्द रुळला. विटांचे नगर वसवणारे आणि कुडाच्या घरात राहणारे, दोघांनाही तो तितक्याच सहजपणे लागू पडतो. मी बावीस वर्षे हे दोन्ही शब्दप्रयोग फळ्यावर लिहीत आले आणि ते एकच आहेत हे माझ्या लक्षात आले नव्हते.

काल भाचीला पुन्हा संग्रहालयात घेऊन गेले. मागच्या वेळी मी चुकीचे उत्तर दिले होते, हे तिला आधी सांगितले. इनामगावचे लोक मागासलेले होते का, या प्रश्नाऐवजी त्यांनी काय काय केले आणि ते आपल्याला कसे कळले, हे आपण पाहू, असे म्हणून कुदळफावडे सरांनी सांगितलेले थर तिला वहीत काढून दाखवले. पाट, बांध, चार पायांचा रांजण, तोडलेली पावले, हे सगळे तिने लक्ष देऊन ऐकले. मग ती पुन्हा त्या जोडमडक्यांपाशी गेली.

"बाळाला घरातच का ठेवलं असेल?" तिने विचारले.

मी म्हटले, "तुला काय वाटतं?"

तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "बाहेर एकटं पडलं असतं ना ते."